क्लिमात खोली घेण्याआधी वारा बघा

ग्रीसच्या सायक्लाडीस बेटांमधलं मिलोस, आणि मिलोसच्या आखातात पाण्याला टेकून उभी असलेली क्लिमा नावाची मच्छीमार वस्ती. निळे, लाल, हिरवे, पिवळे दरवाजे असलेल्या त्या एका रांगेचे फोटो पाहून बरेच जण सुट्टी ठरवतात. ठरवावीच, जागा तशी आहेच. पण फोटोत वारा दिसत नाही. बोट कधी सुटेल, खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येईल का, ताटात कुठला मासा पडेल, कुठल्या किनाऱ्यावर पोहता येईल, हे या बेटावर वारा ठरवतो. म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून जो वारा सुटतो त्याला 'मेल्तेमी' म्हणतात. जोर जुलै-ऑगस्टमध्ये. गंमत अशी की त्याचं नातं आपल्या पावसाशी आहे. मान्सूनच्या काळात आपल्याकडे जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो पश्चिमेला थेट तुर्कस्तानापर्यंत पसरतो. बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त असतो, आणि या दोहोंच्या मधून वारा एजियनवर खाली धावत येतो. आपल्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं, तिकडे स्वच्छ निळं. नवख्या माणसाची फसगत होते ती इथेच. ऊन लख्ख, ढगाचा ठिपका नाही, म्हणजे समुद्र शांत असणार असं वाटतं, आणि बंदरावर गेल्यावर कळतं की बोटी बंद आहेत. मेल्तेमी साधारणपणे दुपारी चढतो, रात्री थोडा उतरतो, आणि एकदा सुरू झाला की दोन-चार दिवस, कधी आठवडाही टिकतो. तिथले लोक वाऱ्याचं माप 'बोफोर'मध्ये सांगतात. पाच म्हणजे छत्री उडते, सहा-सात म्हणजे छोट्या बोटी किनाऱ्याला.

त्यामुळे महिना निवडताना माझा कौल सप्टेंबरला. पहिला आठवडा सोडून द्या, दुसऱ्यापासून महिनाअखेरपर्यंत पाणी २४ अंशांच्या आसपास असतं, मेल्तेमीचा जोर ओसरत आलेला असतो, आणि खोल्यांचे भाव ऑगस्टपेक्षा बरेच खाली येतात. जूनही चांगला. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं म्हणाल तर चालण्याफिरण्याला उत्तम, पण पाणी २० अंशांच्या आसपास असतं, आणि अरबी समुद्राच्या उबदार पाण्याची सवय असलेल्यांना ते चांगलंच गार लागतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून खानावळी आणि खोल्या एकेक करून बंद व्हायला लागतात. १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो. त्याच्या आगेमागे अथेन्स रिकामं होऊन बेटांवर येतं, तो आठवडा टाळाच. ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख आपल्याकडच्या कॅलेंडरातल्या ईस्टरपेक्षा बहुतेक वेळा वेगळी असते. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. त्या दिवसांतही बोटी भरलेल्या असतात.

आता खोली. क्लिमातल्या घराच्या तळमजल्याला 'सिर्मा' म्हणतात, अनेकवचनात 'सिर्माता'. शब्द ओढणे या क्रियापदावरून आला आहे, कारण हिवाळ्यात होडी ओढून आत घ्यायची ती इथे. मऊ ज्वालामुखी खडकात गुहा कोरायची, पुढे भिंत आणि रुंद दरवाजा, वर राहायची खोली. होडीचा आणि दरवाजाचा रंग एक ठेवायची पद्धत होती. कोकणातल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो की समुद्राला इतकं खेटून घर बांधलंच कसं. उत्तर भरती-ओहोटीत आहे. आपल्याकडे पाणी काही मीटर चढतं-उतरतं, तिकडे जेमतेम वीतभर. म्हणून पाण्यापासून चार पावलांवर उंबरा टाकता येतो. भरतीची भीती नाही, भीती फक्त लाटेची.

आणि लाट येते. क्लिमा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्यास्त समोर दिसतो तो त्यामुळेच, पण पश्चिमेचा वारा सुटला की तोच समुद्र ओट्यावर चढतो. आदामास बंदराकडे वळणाऱ्या मोठ्या बोटी आखातातून जातात तेव्हा त्यांच्या लाटाही काही मिनिटांनी ओट्यापर्यंत पोचतात. चपला, टॉवेल, चार्जरला लावलेला फोन यांतलं काहीही ओट्यावर ठेवून आत जाऊ नका.

सिर्मात खोली घेताना घरमालकाला विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. झोपायची जागा खाली आहे की वर, आणि वर जायचा जिना आतून आहे की बाहेरून? आतले जिने बहुतेक वेळा लाकडी, अरुंद आणि शिडीसारखे उभे असतात. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जात असाल तर ही खोली त्यांच्यासाठी नाही. ओट्याला कठडा आहे का? बहुधा नसतो. दरवाजा उघडला की दोन पावलांत पाणी, त्यामुळे पाच वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर क्लिमात मुक्काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एसी आहे का, आणि मागच्या बाजूला खिडकी आहे का? खडकात कोरलेल्या खोलीला मागून हवा नसते, दमटपणा राहतो, कपडे वाळत नाहीत. गाडी कुठे लावायची आणि तिथून सामान किती पायऱ्या उतरून न्यायचं? क्लिमाचा रस्ता वरच्या प्लाका-ट्रिपिती गावांकडून वळणं घेत उतरतो, खाली जागा थोडी, आणि घरांच्या रांगेपुढे फक्त अरुंद पायवाट. चाकांची मोठी बॅग तिथे उपयोगाची नाही, पाठीवरची घ्या.

अजून एक गोष्ट, जी जाहिरातीत लिहिलेली नसते. संध्याकाळी सूर्यास्ताला बेटभरातून लोक क्लिमात येतात आणि तुमच्या दारापुढूनच चालतात. ती पायवाट सार्वजनिक आहे. अंधार पडला की पांगतात, आणि मग खरं क्लिमा तुमचं. सकाळी सहा-सातला ते सगळ्यात सुंदर असतं. गावात किराणा दुकान नाही, वाळूचा किनारा नाही, खायला जवळपास एकच जागा. म्हणून मी सांगेन की क्लिमात दोन रात्री, फार तर तीन, आणि बाकीचा मुक्काम पोलोनियात.

पोलोनिया बेटाच्या ईशान्य टोकाला, आदामासपासून दहा-अकरा किलोमीटरवर. हेही मच्छीमारांचंच गाव, पण इथे अर्धगोल खाडी आहे, उथळ वाळूचा किनारा आहे, झाडांची सावली आहे, बेकरी आणि दुकानं आहेत, पाण्याच्या काठाने खानावळींची रांग आहे. मुलं, आजीआजोबा, सगळ्यांना झेपतं. वारा उत्तरेचा असेल तर तो इथे जाणवतो, तेव्हा खोली निवडताना गच्चीला उत्तरेकडून आडोसा आहे का ते विचारा. नकाशावर घर बघून उत्तर दिशा स्वतःच तपासली तर आणखी चांगलं. पोलोनियातून समोरच्या किमोलोस बेटाला छोटी फेरी जाते, अर्ध्या तासात प्साथी बंदरात उतरवते. वाऱ्याचा दिवस नसेल तर एक दिवस तिकडे द्या. टोमॅटो-कांदा घालून भाजलेली 'लादेनिया' नावाची जाड रोटी तिथली खासियत आहे, आणि ती शाकाहारी आहे.

खोलीचं बुकिंग करताना दोन गोष्टी बघा. थोड्या दिवसांसाठी घर देणाऱ्यांना ग्रीसमध्ये सरकारी नोंदणी क्रमांक लागतो, जाहिरातीत तो 'आमा' म्हणून दिलेला असतो. तो नसेल तर सोडून द्या. दुसरं, २०२४ पासून हवामान-निधीच्या नावाने दर रात्रीचा सरकारी आकार लागू आहे, आणि २०२५ पासून तो वाढला. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये अशा छोट्या घरांना रात्रीला ८ युरो, हॉटेलांना ताऱ्यांप्रमाणे २ ते १५. तो माणशी नसून खोलीमागे असतो, आणि बऱ्याचदा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, तिथे गेल्यावर वेगळा द्यावा लागतो. घरमालकाने मागितला तर फसवणूक समजून वाद घालू नका.

बुकिंगची तारीख आणि व्हिसाची तारीख एकमेकांत अडकलेल्या असतात, आणि पैसे जातात ते बहुतेक इथेच. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एक. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांपेक्षा उशीर चालत नाही. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा आकार. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी. अर्जाबरोबर मुक्कामाचं बुकिंग द्यावं लागतं, आणि छोट्या घरमालकांची रद्द करण्याची मुदत मुक्कामाआधी तीस दिवसांची असू शकते. म्हणजे १२ सप्टेंबरचा मुक्काम असेल तर १३ ऑगस्टच्या आत व्हिसा हातात पाहिजे. व्हिसाला पंधरा दिवस धरले, गर्दीचे आणखी पंधरा धरले, तर अपॉइंटमेंट जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात हवी, आणि ती मिळण्यासाठी मे महिन्यातच साइटवर डोळा ठेवावा लागतो. बोटीची तिकिटं व्हिसा आल्यावरच काढा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे. युरोपातल्या दुसऱ्या शहरात विमान बदलत असाल तर हा सोपस्कार तिथेच होतो, तेव्हा पुढच्या विमानाला दीड तास पुरेल असं धरू नका.

आता बोट. अथेन्स विमानतळावरून पिरेअस बंदराला मेट्रोची निळी लाइन थेट जाते, साधारण तासाभरात. गाड्या अर्ध्या तासापेक्षा थोड्या जास्त अंतराने असतात. रात्री उतरलात तर एक्स-९६ नंबरची बस, ती चोवीस तास चालते. पिरेअस अवाढव्य आहे. इ-१, इ-२ असे क्रमांक दिलेले दरवाजे, आणि मेट्रो स्टेशन इ-६ च्या समोर. तिकिटावरचा दरवाजा आधी बघा आणि आदल्या दिवशी बोट कंपनीचा मेसेज आला आहे का तेही, कारण दरवाजा बदलू शकतो. लांबच्या दरवाज्यांसाठी बंदरात आतून फुकट बस असते.

मिलोसला दोन प्रकारच्या बोटी जातात. वेगवान कॅटामरान पावणेतीन-तीन तासांत पोचवते, तिकीट महाग, बसायचं आत, आणि समुद्र खवळला की पोटातलं वर येतं. मोठी साधी फेरी किथ्नोस, सेरिफोस, सिफ्नोस अशी थांबत पाच ते सात तास घेते, तिकीट स्वस्त, वर मोकळा डेक. वाऱ्यात वेगवान बोटींवर बंदी आधी येते, मोठ्या फेऱ्या त्याहून जास्त वाऱ्यात चालू राहतात. या बंदीला 'आपागोरेफ्तिको' म्हणतात, ती बंदर खातं घालतं, कंपनीच्या हातात काही नसतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर तास जास्त गेले तरी मोठी फेरी घ्या. उलटीची गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या, आणि बसायला खालच्या मजल्यावर मधली जागा धरा.

बोट रद्द झाली, किंवा नव्वद मिनिटांहून जास्त उशिराने सुटणार असेल, तर युरोपीय नियमाप्रमाणे तुम्हाला पूर्ण पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, यांतलं एक निवडता येतं. कारण हवामान असलं तरीही. मात्र हवामानामुळे अडकलात तर त्या रात्रीचा हॉटेलखर्च आणि नुकसानभरपाई मिळत नाही. त्यामुळे एक नियम पाळाच : बेटावरून निघण्याचा दिवस आणि मुंबईचं विमान एकाच दिवशी नको. शेवटची रात्र अथेन्समध्ये. ऑगस्टमध्ये असाल तर शेवटच्या दोन रात्री. जातानाही पहिली रात्र पिरेअसमध्ये काढणं सोयीचं, कारण बऱ्याच वेगवान बोटी सकाळी सातच्या सुमारास सुटतात. मिलोसला विमानही आहे, पण धावपट्टी आखूड, विमानं छोटी पंख्यांची, जागा थोड्या, आणि वाऱ्याचा त्रास त्यांनाही होतो.

बेटावर फिरायला गाडी हवी. आदामासहून प्लाका, पोलोनिया, पालेओखोरी इथे बस जाते, पण क्लिमात राहून बसवर अवलंबून राहणं अवघड आहे. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आरटीओतून निघतो, फॉर्म ४-ए, फी हजार रुपये, मुदत वर्षभराची. गाडी डाव्या बाजूचं स्टिअरिंग आणि उजव्या बाजूने चालणारी. सगळ्यात छोटी गाडी घ्या, प्लाकाच्या गल्ल्यांत ती सुटते. विम्यात टायर आणि गाडीचा खालचा भाग बहुधा धरलेला नसतो, आणि बेटाच्या पश्चिम भागातल्या कच्च्या रस्त्यांवर गाडी न्यायला बऱ्याच कंपन्या कागदावरच मनाई करतात. ते कागद वाचून सही करा. मोटार सोडून एटीव्ही, म्हणजे मोटारसायकलसारखी हँडलची उघडी चारचाकी, घेण्याचा मोह होतो. खडीच्या उतारावर, सवय नसताना, तो मोह आवरा.

रोजचा बेत आदल्या रात्री वारा बघून ठरवायचा. उत्तरेचा असेल तर सारकिनिको, मांद्राकिया, फिरोपोतामोस ही उत्तरेची बाजू सोडा आणि दक्षिणेला जा : फिरिप्लाका, प्रोवातास, आगिया किरियाकी, पालेओखोरी. दक्षिणेचा असेल तर नेमकं उलट. सारकिनिकोचे पांढरे खडक वाऱ्यातही बघायला जा, पण त्या घळीत पोहू नका, लाट माणसाला खडकावर आपटते. त्सिग्रादोच्या किनाऱ्यावर फटीतून दोर आणि शिडी धरून उतरावं लागतं, दोन्ही हात मोकळे ठेवा. क्लेफ्तिकोच्या समुद्रातल्या गुहांची बोटसहल मुक्कामाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ठेवा, म्हणजे वाऱ्याने रद्द झाली तर पुढे दिवस उरतात. वाऱ्याच्या दिवशी क्लिमाच्या वरच्या डोंगरात जा. तिथलं प्राचीन नाट्यगृह आणि ख्रिस्ती भुयारी दफनभूमी बघण्यासारखी आहे, आणि १८२० मध्ये व्हीनसचा तो प्रसिद्ध पुतळा सापडला ती जागाही तिथेच. पुतळा मात्र पॅरिसला लूव्रमध्ये आहे.

आता मासे, कारण मच्छीमार गावात जाऊन गोठवलेली माकुळं खाऊन येणारे खूप आहेत. खानावळीत मेन्यूकार्डावरून मासा मागवू नका. उठून बर्फाच्या पेटीपाशी जा, आज काय आलं ते विचारा, मासा निवडा आणि आपल्यासमोर वजन करायला सांगा. भाव किलोचा असतो. 'बार्बूनी' नावाचा लाल मासा किलोला ५० युरोंच्या वर सहज जातो, आणि वजन न विचारता हो म्हटलं की बिलात धक्का बसतो. कार्डावर नावापुढे फुली किंवा 'काट.' असं लिहिलेलं असेल तर माल गोठवलेला. ते लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. माकूल आणि कोळंबी बऱ्याच ठिकाणी अशीच असते. 'त्सिपुरा' आणि 'लावराकी' बहुधा मत्स्यशेतीत वाढवलेले मासे, वाईट नाहीत, पण त्यासाठी बेटावर यायची गरज नाही.

स्वस्त आणि ताजं हवं तर 'गावरोस' मागा, तो आपल्या मांदेलीच्या कुळातला, किंवा 'सार्देला', म्हणजे आपली तारली-पेडव्यांची चुलत बहीण. 'मारिदा' ही बारीक मासळी कुरकुरीत तळून येते, काट्यासकट खायची. एक बारकावा लक्षात ठेवा. गावरोस-सार्देला पकडणाऱ्या बोटी रात्री दिवे लावून मासा गोळा करतात, आणि पौर्णिमेच्या उजेडात दिव्यांचा उपयोग होत नाही. त्या चार-सहा दिवसांत हे मासे कमी येतात. आपल्याकडे जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तशी तिकडे किनाऱ्याजवळच्या समुद्रात उन्हाळ्यात ट्रॉलरना बंदी असते. म्हणून तेव्हा पेटीत दिसतो तो छोट्या होड्यांचा मासा, थोडा आणि महाग. दोन दिवस मेल्तेमी चालला की त्या होड्याही बाहेर पडत नाहीत, पेटी रिकामी होते. अशा दिवशी मासा मागू नका, दुसरं काही खा. मांद्राकियात तारेवर वाळत घातलेले ऑक्टोपस दिसतात, ते फोटोसाठी टांगलेले नसतात. वाऱ्या-उन्हात पाणी सुटलं की निखाऱ्यावर तो रबरासारखा होत नाही.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. 'लादेरा' म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या, भट्टीत भाजलेल्या मिश्र भाज्यांचं 'ब्रियाम', मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे 'गिगान्तेस', पिवळ्या डाळीचा घट्ट 'फावा', मिलोसची चीजची छोटी करंजी 'पितारकिया'. 'गेमिस्ता' म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या, त्यात खिमा आहे का ते विचारा. एक शब्द मात्र घात करतो : 'निस्तिसिमो', म्हणजे उपासाचं. त्यांच्या उपासाला मांस, दूध, अंडं चालत नाही, पण ऑक्टोपस, माकूल, कोळंबी चालते. त्यामुळे शाकाहारी म्हणून हा शब्द वापरू नका, 'ओखी क्रेआस, ओखी प्सारी, ओखी थालासिना' असं सरळ सांगा : मांस नको, मासा नको, समुद्रातलं काहीच नको.

खोलीत नळाचं पाणी पिऊ नका, सहा बाटल्यांचा गठ्ठा आदामासच्या सुपरमार्केटातून आणा. क्लिमात उतरण्यापूर्वीच दूध, ब्रेड, फळं सगळं भरून न्या. टॉयलेटचा कागद भांड्यात न टाकता बाजूच्या डब्यात टाकायचा. पाइप बारीक असतात, तुंबले तर गटार तुमच्याच खोलीत वर येतं. जेट स्प्रे नसतो, एक मग बॅगेत टाका. आपला बारीक दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, तीन पिनांचा बसत नाही. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच आणि रात्री अकरानंतर शांततेची कायदेशीर वेळ असते. मच्छीमार पहाटे उठलेले असतात, त्यांची ती झोप असते. ओट्यावर वाळत घातलेली पिवळी जाळी तुडवू नका आणि मुलांना ओढू देऊ नका. त्यातली गाठ पुन्हा हाताने विणावी लागते, हे आपल्या कोळीवाड्यात वाढलेल्याला सांगायला नको.

परतीच्या दिवशी आदामासच्या धक्क्यावर तासभर आधी पोचा. बोट बंदरात फार थांबत नाही, मागची फळी खाली येते, माणसं आणि गाड्या एकदमच चढतात. सामान गाड्यांच्या मजल्यावर ठेवायचं असतं, तिथे फळ्यांवर बंदरांची नावं लावलेली असतात. 'पिरेअस' लिहिलंय तिथेच बॅग ठेवा. सेरिफोसच्या फळीवर ठेवलीत तर ती सेरिफोसला उतरणाऱ्यांच्या हाताखाली येते. पासपोर्ट, पैसे आणि उलटीची गोळी मात्र वर जाताना बरोबरच घ्या.